सिलिगुडी : गाडी बदलण्याचे गाव

पश्चिम बंगालच्या उत्तर टोकाला, हिमालयाच्या पायथ्याशी, महानंदा नदीच्या दोन्ही काठांवर सिलिगुडी शहर पसरले आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची जेमतेम 120 मीटर आहे. शहर सोडून उत्तरेला निघाले की दहा-बारा किलोमीटरवर सुकना लागते. तिथे सपाटी संपते, सालाचे जंगल सुरू होते आणि रस्ता थेट चढणीला लागतो. पश्चिमेला नेपाळची सीमा तासाभराच्या अंतरावर आहे. दक्षिणेला फुलबारीपाशी बांगलादेशची सीमा जवळजवळ शहराच्या वेशीवरच आली आहे. पूर्वेला दीडेकशे किलोमीटरवर भूतानचे फुंत्शोलिंग आहे, तर उत्तरेला सिक्कीम ओलांडले की तिबेट. 2011च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या 5 लाख 13 हजार होती. शहर दोन जिल्ह्यांत विभागलेले आहे. महापालिकेच्या 47 प्रभागांपैकी 33 दार्जिलिंग जिल्ह्यात आणि 14 जलपाईगुडी जिल्ह्यात येतात.

सिलिगुडीला किल्ला नाही, राजवाडा नाही, मोठे तीर्थक्षेत्रही नाही. ते वाढले ते केवळ इथे गाडी बदलावी लागते म्हणून. मैदानातून आलेला माल आणि माणूस इथे तीन कारणांनी अडतो: पुढे डोंगराचा चढ आहे, रुळांची रुंदी बदलते, किंवा देशाची सीमा येते. अडलेला माल उतरवायला हमाल लागतात, ठेवायला गोदाम लागते, विकायला दलाल लागतो. अडलेल्या माणसाला जेवणाची आणि मुक्कामाची सोय लागते. गेल्या दीडशे वर्षांत यातला एखादा अडथळा दूर झाला की दुसरा उभा राहिला आणि दर वेळी शहर थोडे आणखी फुगले.

तराईतली वस्ती

हिमालयाच्या पायथ्याचा हा दलदलीचा, दाट जंगलाचा पट्टा ‘तराई’ म्हणून ओळखला जातो. सिलिगुडी या नावाचा अर्थ दगडगोट्यांची रास असा सांगितला जातो. डोंगरातून उतरणाऱ्या नद्या इथे येऊन मंदावतात आणि सोबत आणलेले गोटे टाकून देतात, हे पाहता तो अर्थ पटण्यासारखा आहे. अठराव्या शतकात हा मुलूख सिक्कीमच्या राजाकडे होता. पुढे गुरख्यांनी तो जिंकला. ब्रिटिश-नेपाळ युद्धानंतर 1817मध्ये झालेल्या तितालियाच्या तहाने तो सिक्कीमला परत मिळाला. ते तितालिया म्हणजे आजच्या बांगलादेशातले तेतुलिया. 1835मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आजारी सोजिरांच्या हवापालटासाठी सिक्कीमकडून दार्जिलिंगचा डोंगर मिळवला आणि 1850मध्ये तराईही ताब्यात घेतली. 1865मध्ये भूतानशी झालेल्या युद्धाच्या अखेरीस पूर्वेकडचा द्वार प्रदेश, म्हणजे दुआर्स, इंग्रजांकडे आला. भूतानच्या डोंगरात शिरण्याचे दरवाजे या पट्ट्यात आहेत, म्हणून त्याचे हे नाव.

दार्जिलिंग वसले, चहाचे मळे लागले आणि मैदानातून वर माल नेण्याची निकड निर्माण झाली. 1860च्या दशकात सिलिगुडीहून दार्जिलिंगपर्यंत बैलगाडीचा रस्ता बांधण्यात आला. हाच हिल कार्ट रोड. शहरातल्या त्याच्या भागाला आता तेनझिंग नोर्गे यांचे नाव आहे, पण बोलण्यात जुनेच नाव टिकून आहे. 1878मध्ये कोलकात्याकडून येणारी रेल्वे सिलिगुडीला पोहोचली आणि पायथ्याशीच थांबली. पुढे पुन्हा बैलगाडीच. तेव्हा सिलिगुडीत टनाला 98 रुपयांना मिळणारा तांदूळ दार्जिलिंगला पोहोचेपर्यंत 238 रुपयांचा होई. रेल्वे अधिकारी फ्रँकलिन प्रेस्टेज याने डोंगरावर रेल्वे नेण्याचा प्रस्ताव सरकारपुढे ठेवला तेव्हा त्याच्या हातातला मुख्य मुद्दा भावातली हीच तफावत होती.

तीन रुंदीचे रूळ

प्रेस्टेजची रेल्वे 1879 ते 1881 या काळात बांधली गेली. रूळ दोन फुटी, म्हणजे 610 मिलिमीटर रुंदीचे. माथेरानच्या गाडीचेही तेवढेच आहेत. लोहमार्ग बहुतांशी बैलगाडीच्या रस्त्याला खेटूनच टाकल्यामुळे नवा डोंगर फोडण्याचा खर्च वाचला. जिथे रस्त्याचा चढ इंजिनाला झेपणार नव्हता, तिथे दोन युक्त्या केल्या. पहिली, मार्ग गोल फिरवून स्वतःवरूनच पुढे नेणे. दुसरी, गाडी उलटी चढवणे. गाडी चढावर एका बंद टोकापर्यंत जाते, सांधेवाला रूळ जोडून देतो, मग ती उलटी मागे चढते आणि पुढच्या सांध्यावर पुन्हा तोंड फिरवून वर निघते. बोरघाटात खंडाळ्याजवळ 1929पर्यंत रेल्वेला असेच तोंड फिरवावे लागे. वाफेच्या इंजिनाच्या पुढच्या बाजूला दोन माणसे बसतात आणि चाके घसरू नयेत म्हणून ओल्या रुळांवर मुठीने वाळू टाकतात. घूम स्थानकावर ही गाडी 2,258 मीटर उंची गाठते. 1999मध्ये तिला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

त्या काळी कोलकात्याहून दार्जिलिंगला जायचे तर तीन रेल्वे आणि एक आगबोट लागे. ब्रॉडगेजने पद्मेच्या काठापर्यंत, आगबोटीने नदीपार, पलीकडून मीटरगेजने सिलिगुडी आणि तिथून छोट्या गाडीने डोंगर. 1915मध्ये पद्मेवर हार्डिंग पूल झाला, 1926मध्ये ब्रॉडगेज थेट सिलिगुडीपर्यंत आली आणि कोलकात्याहून रात्री निघालेली दार्जिलिंग मेल सकाळी पायथ्याला पोहोचू लागली. दोन फुटी रुळांचे आणखी दोन फाटे सिलिगुडीहून निघाले होते: एक पश्चिमेला किशनगंजकडे, दुसरा तिस्ता नदीच्या खोऱ्यातून कालिंपोंगच्या पायथ्याकडे. कालिंपोंग ही तिबेटी लोकरीची मोठी पेठ होती. जेलेप ला खिंडीतून खेचरांच्या पाठीवर आलेली लोकर तिथे उतरे आणि पुढे सिलिगुडीमार्गे कोलकात्याला जाई. तिस्ता खोऱ्यातला तो मार्ग 1950च्या पुरात वाहून गेला आणि पुन्हा बांधला गेला नाही.

फाळणी आणि तुटलेला रस्ता

1947च्या फाळणीने सिलिगुडीचे सारे गणित बदलले. कोलकात्याहून येणारा लोहमार्ग मध्येच शेकडो किलोमीटर पूर्व पाकिस्तानात गेला; हार्डिंग पूलही तिकडेच राहिला. आसामचे उरलेल्या भारताशी असलेले रेल्वेचे नाते तुटले. नकाशावर नेपाळ आणि पूर्व पाकिस्तान यांच्या मधे एक अरुंद पट्टी तेवढी उरली आणि त्या पट्टीत सिलिगुडी होते.

सरकारने तातडीने ‘आसाम रेल लिंक’ हाती घेतली. मुख्य अभियंता होते कर्नैल सिंग. किशनगंजहून आसामातल्या फकिराग्रामपर्यंत सुमारे 229 किलोमीटरचा मीटरगेज मार्ग जोडायचा होता. काही ठिकाणी जुने छोटे रूळ उखडून रुंद केले, तर काही ठिकाणी जंगल तोडून नवा मार्ग टाकला. वाटेत तिस्ता, तोरसा, संकोश अशा पावसाळ्यात पात्र बदलणाऱ्या नद्या होत्या आणि मलेरियाचा मुलूख होता. तरीही दोन वर्षांत काम पुरे झाले आणि 26 जानेवारी 1950 रोजी, भारत प्रजासत्ताक झाला त्याच दिवशी, या मार्गावर प्रवासी गाडी धावली. या जोडणीसाठी उभे राहिलेले सिलिगुडी जंक्शन पुढे ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ एकत्र असलेले स्थानक म्हणून प्रसिद्ध झाले.

कोलकात्याशी सरळ संबंध जुळायला मात्र आणखी दोन दशके गेली. मधल्या काळात प्रवाशांना साहिबगंजच्या बाजूने गंगेच्या घाटावर उतरून होडी-आगबोटीने पलीकडे जावे लागे. 1960च्या दशकाच्या आरंभी शहराच्या दक्षिणेला न्यू जलपाईगुडी हे ब्रॉडगेजचे स्थानक उभे राहिले आणि 1971मध्ये फराक्का येथे गंगेवरून रेल्वे गेली. नावात जलपाईगुडी असले तरी हे सिलिगुडीचेच मुख्य स्थानक आहे आणि सगळे त्याला ‘एनजेपी’ म्हणतात. रस्त्याची अडचणही अशीच होती. बंगालचा उत्तर भाग दक्षिण भागाला बंगालच्या भूमीवरून जोडलेला नव्हता. 1956मध्ये बिहारचा इस्लामपूरकडचा तुकडा पश्चिम बंगालला देण्यात आला तेव्हा ती जोडणी झाली.

या सगळ्याचा परिणाम लोकसंख्येच्या आकड्यांत दिसतो. 1931मध्ये सिलिगुडीत सुमारे सहा हजार माणसे राहत होती. 1951मध्ये ती 32 हजारांवर गेली आणि 1961मध्ये 65 हजारांवर. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वस्त्या उभ्या केल्या. मागोमाग बिहारमधून मजूर, राजस्थानातून मारवाडी व्यापारी आणि डोंगरातून नेपाळी भाषक उतरले. मूळच्या राजबंशी समाजाची शेते हळूहळू शहराखाली गेली. चहामळ्यांत छोटा नागपूरहून आणलेल्या आदिवासी मजुरांची सादरी बोली, बाजारातली हिंदी, घराघरातली बंगाली आणि जीप-स्टँडवरची नेपाळी या चारही भाषा एकाच चौकात ऐकू येतात. चौकाला इथे ‘मोड’ म्हणतात: व्हीनस मोड, कोर्ट मोड, दार्जिलिंग मोड. 1994मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली.

कोंबडीची मान

नकाशावरची ती अरुंद पट्टी ‘सिलिगुडी कॉरिडॉर’ म्हणून ओळखली जाते. बोलीत ‘चिकन्स नेक’, म्हणजे कोंबडीची मान. सर्वांत अरुंद जागी तिची रुंदी 20 ते 22 किलोमीटर भरते. ईशान्येकडच्या राज्यांना भारताशी जोडणारे लोहमार्ग, महामार्ग, तेलवाहिन्या, विजेच्या तारा, सारे या मानेतून जाते. उत्तरेला सिक्कीम आणि भूतान यांच्या मधे तिबेटची चुंबी दरी पाचरीसारखी खाली आलेली आहे. 2017मध्ये भारत, भूतान आणि चीन यांच्या सीमा मिळतात त्या भागात, डोकलाम पठारावर, भारत आणि चीनचे सैन्य 73 दिवस समोरासमोर उभे राहिले, तेव्हा या पट्ट्याची चर्चा घरोघरी झाली. सुकना येथे लष्कराच्या 33व्या कोअरचे मुख्यालय आहे आणि बागडोगराचा नागरी विमानतळ हवाई दलाच्या तळावरच आहे.

याच पट्ट्यात शहराच्या पश्चिमेला नक्षलबारी आहे. 1967च्या मे महिन्यात तिथे कुळांच्या आणि चहामळ्यांतल्या मजुरांच्या जमिनीच्या प्रश्नावर उठाव झाला. त्याचे एक नेते चारू मुजुमदार सिलिगुडीतच राहत. त्या छोट्या गावाचे नाव पुढे एका चळवळीला चिकटले आणि दीड हजार किलोमीटरवरच्या गडचिरोलीतही ते रोजच्या बोलण्यातले झाले.

स्टँडवर

महाराष्ट्रातून सिक्कीम-दार्जिलिंगच्या सहलीला निघालेला प्रवासी बागडोगराला विमानातून किंवा एनजेपीला रेल्वेतून उतरतो आणि थेट डोंगराकडे निघतो. सिलिगुडी त्याला गाडीच्या काचेतून अर्धा तास दिसते. शहराचा खरा कारभार दिसतो तो जंक्शनच्या आसपास, तेनझिंग नोर्गे बस स्थानक, सिक्कीम सरकारचे एसएनटी स्थानक आणि त्यांच्या भोवतीच्या जीप-स्टँडवर.

डोंगरातली वाहतूक मुख्यतः शेअर गाडीने चालते. सुमो किंवा बोलेरोत चालकाशेजारी दोन, मधे चार आणि मागे चार असे दहा प्रवासी बसतात. खिडकीवरच्या फळीवर गावांची नावे असतात: गंगटोक, कालिंपोंग, कर्सियांग, मिरिक, पेलिंग. तिकिटावर आसनाचा क्रमांक लिहून मिळतो. पुढची दोन आसने आधी जातात. मागच्या रांगेत वळणावळणांनी पोटात ढवळते, हे नेहमीच्या प्रवाशाला ठाऊक असते. टपावर आधी जड पोती, वर बॅगा आणि सर्वांत वर कोंबड्यांचे खुराडे किंवा फुलकोबीच्या जाळ्या रचल्या जातात. वर ताडपत्री आवळली जाते. दहावा प्रवासी आला की गाडी सुटते, आधी नाही. गंगटोक सुमारे 115 किलोमीटरवर आहे. रस्ता मोकळा असेल तर चार-पाच तास लागतात. शहराच्या आत फिरायला ‘टोटो’ म्हणजे बॅटरीवरची रिक्षा असते, आणि सकाळी दहानंतर हिल कार्ट रोडवर टोटो, बस आणि मालट्रक एकमेकांत अडकून पडतात.

पेठा आणि लिलाव

सिलिगुडीचा व्यापार ‘टी, टिंबर, टूरिझम, ट्रान्सपोर्ट’ या चार शब्दांत सांगण्याची पद्धत आहे. लाकूड आता मागे पडले. चहा मात्र टिकून आहे. 1976मध्ये इथे चहा लिलाव केंद्र सुरू झाले. तराई आणि दुआर्सच्या मळ्यांतला चहा इथे विकला जातो. तो मुख्यतः सीटीसी, म्हणजे यंत्रात चुरडून दाणेदार केलेला, घराघरात दुधासाखरेत उकळला जाणारा चहा. दार्जिलिंगचा नाजूक, लांब पानांचा चहा बहुतेक कोलकात्याच्या लिलावात किंवा थेट खरेदीदाराकडे जातो. लिलावाआधी प्रत्येक खेपेचे नमुने दलालाकडे येतात. लांब टेबलावर पांढऱ्या वाट्यांची रांग लागते. प्रत्येक वाटीमागे कोरडा चहा आणि उकळून निघालेली पाने ठेवलेली असतात. चाखणारा चमच्याने घोट जोरात ओढून घेतो, तोंडात घोळवतो, थुंकतो आणि पुढच्या वाटीकडे सरकतो. त्याने ठरवलेल्या अंदाजावर बोली सुरू होते. पूर्वी ती सभागृहात हातोड्याच्या ठोक्यावर चाले, आता संगणकाच्या पडद्यावर चालते.

बाकीच्या पेठांचीही कामे वाटलेली आहेत. खालपाड्यात धान्य, डाळी, तेल आणि किराण्याची घाऊक खरेदी होते आणि तिथून सिक्कीमपर्यंतची दुकाने भरतात. नियंत्रित बाजार समितीत भाजीपाला, मासळी आणि फळे उतरतात. नाशिकचा कांदाही इथे येऊन पुढे डोंगर चढतो. डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या नावाचा बिधान मार्केट हा निर्वासितांच्या दुकानांतून वाढलेला बाजार आहे. त्याला लागून असलेल्या हाँगकाँग मार्केटमध्ये परदेशी बनावटीच्या छत्र्या, जाकिटे, खेळणी आणि विजेच्या वस्तूंची रेलचेल असते. औषधोपचार आणि शिक्षणासाठीही आसपासचा मुलूख इथेच येतो. शहरालगत 1962मध्ये उत्तर बंग विद्यापीठ आणि 1968मध्ये उत्तर बंग वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

तीन शेजारी, तीन घड्याळे

सिलिगुडीहून पश्चिमेला पानीटंकीपाशी मेची नदीवरचा पूल ओलांडला की नेपाळचे काकरभिट्टा येते. भारतीय आणि नेपाळी नागरिकांना इथे व्हिसा लागत नाही. पुलावरून टोटो आणि सायकलरिक्षा दिवसभर ये-जा करतात. पूल संपताच घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे लागते. फुलबारीहून बांगलादेशात किंवा जयगावहून भूतानच्या फुंत्शोलिंगमध्ये गेले तर अर्धा तास.

नेपाळ आणि भूतान यांना समुद्रकिनारा नाही, म्हणून त्यांचा पुष्कळ माल या टापूतून जातो. 1997मध्ये काकरभिट्टा-पानीटंकी-फुलबारी-बांगलाबंधा या मार्गाने नेपाळ आणि बांगलादेश यांच्यातला व्यापार सुरू झाला. मधला भारतीय टप्पा पन्नासेक किलोमीटरचाच आहे. भूतानच्या नद्यांतले दगडगोटे भरलेले ट्रक फुलबारीच्या नाक्यावर रांगेत उभे असतात; दगडाची वानवा असलेल्या बांगलादेशात त्यांना बांधकामासाठी मागणी आहे. 2023मध्ये सिलिगुडीहून बांगलादेशातल्या पार्वतीपूरपर्यंत 131 किलोमीटरची डिझेलवाहिनी सुरू झाली. सिक्कीममधली नाथू ला खिंड (4,310 मीटर) 1962च्या युद्धानंतर बंद होती. 2006मध्ये ती सीमाव्यापारासाठी उघडली. हलदीबाडी-चिलाहाटी हा जुना लोहमार्ग 1965च्या युद्धात बंद पडला होता; तो 2020मध्ये पुन्हा जोडला गेला. 2022मध्ये त्यावरून एनजेपी ते ढाका ‘मिताली एक्सप्रेस’ धावू लागली आणि 2024मध्ये बांगलादेशातील अस्थिरतेच्या काळात थांबली. राजकारणाचे वारे बदलले की इथला एक दरवाजा उघडतो आणि दुसरा मिटतो. सिलिगुडीच्या व्यापाऱ्यांना त्याची सवय आहे.

डोंगर, नदी आणि हत्ती

सिक्कीमकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 10 सेवोकपासून तिस्तेच्या काठाने वर जातो. सेवोकला नदीवर 1941मध्ये पुरा झालेला कमानी पूल आहे. त्याचे नाव कॉरोनेशन ब्रिज, पण तोंडाशी बसवलेल्या वाघांच्या पुतळ्यांमुळे लोक त्याला ‘बाघपूल’ म्हणतात. पावसाळ्यात या महामार्गावर दरडी कोसळतात; रस्त्याचा कठडाच नदीत जातो. 4 ऑक्टोबर 2023च्या पहाटे सिक्कीममधले दक्षिण ल्होनाक हे हिमनदीचे सरोवर फुटले, चुंगथांगचे धरण वाहून गेले आणि तिस्तेच्या लोंढ्याने महामार्ग जागोजागी तोडला. तेव्हा गाड्या कालिंपोंग-लावा मार्गे लांबचा वळसा घेऊन जात होत्या आणि गंगटोकच्या बाजारातल्या भाजीचा भाव त्या वळशावर ठरत होता.

पूर्वेकडे दुआर्समधून अलिपुरद्वारला जाणारा लोहमार्ग हत्तींच्या वाटा कापत जातो. तो ब्रॉडगेज झाल्यावर गाड्यांचा वेग वाढला आणि अपघातही वाढले. सप्टेंबर 2010मध्ये बानरहाटजवळ एका मालगाडीखाली सात हत्ती मारले गेले. त्यानंतर रात्रीच्या गाड्यांच्या वेगावर बंधने आली. रुळांलगतच्या तारेतून जमिनीची कंपने टिपून स्थानकाला आधी सूचना देणारी यंत्रणाही पुढे बसवण्यात आली.

सेवोक ते सिक्कीममधले रंगपो हा सुमारे 45 किलोमीटरचा लोहमार्ग बांधला जात आहे. त्याचा बहुतांश भाग 14 बोगद्यांतून जाणार आहे. तो पुरा झाला की सिक्कीम प्रथमच रेल्वेने जोडले जाईल आणि सैन्याची रसद, सिलिंडर आणि तांदूळ सिलिगुडीत न उतरता थेट डोंगरात शिरू शकेल. चढाचा अडथळा त्या दिशेला तरी कमी होईल. मात्र रंगपोच्या पुढे गंगटोकपर्यंत शेअर गाडीच लागेल, दार्जिलिंगचा डोंगर तसाच राहील आणि पानीटंकी, फुलबारी, जयगावचे नाके जागच्या जागी असतील. सिलिगुडीला गाडी बदलण्याचे काम त्यामुळे संपणार नाही. त्यातला एक फाटा फक्त थोडा वर सरकेल.